विजेची गिटार आणि तिचे कारागीर

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून कामगार चळवळीतल्या माणसाने गिटारीवर बोलावे, हे काही श्रोत्यांना चमत्कारिक वाटेल. संगीतशास्त्र हा आमचा विषय नव्हे. गाण्याची तालीम आम्हांला मिळालेली नाही, आणि शाळेचे म्हणाल तर तेही फारसे नाही. जे काही वाचन झाले ते पाळी सुटल्यावर, नगर वाचनालयाच्या बाकावर. परंतु विजेवर चालणारी गिटार हे वाद्य जितके गवयाचे आहे तितकेच ते कारखान्याचेही अपत्य आहे. आणि कारखान्याविषयी बोलण्याचा थोडा अधिकार तीस वर्षांच्या कामाने आम्हांला दिला आहे.

प्रथम एक हकीकत सांगतो. जून २०१९ मध्ये न्यूयॉर्क येथे ख्रिस्टी या लिलावगृहात एक काळी गिटार विकली गेली. पिंक फ्लॉइड या इंग्रज वाद्यवृंदाचे वादक डेव्हिड गिलमोर यांची ती गिटार. तिला किंमत आली ३९,७५,००० डॉलर, आणि ती रक्कम गिलमोर यांनी पृथ्वीच्या हवामानासाठी झटणाऱ्या एका संस्थेला दिली. ही गिटार कोणा एका उस्तादाने एकांतात बसून घडवलेली नव्हती. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावच्या कारखान्यात १९६९ साली, इतर हजारो गिटारींबरोबर पट्ट्यावरून उतरलेला तो एक नग होता.

तेव्हा प्रश्न असा की, साठ-सत्तर सालच्या रॉक संगीतातला गिटारीचा जो सूर पुन्हा हस्तगत करण्यासाठी आज जगभर माणसे धडपडत आहेत, जुन्या वाद्यांना सोन्याचा भाव देत आहेत, तो सूर आला कोठून? लाकडातून, तारेतून, वादकाच्या बोटांतून, की आणखी कोणाच्या हातांतून?

विजेची गरज का पडली?

गिटारीचा मूळ आवाज लहान. नाचाच्या दिवाणखान्यात तुताऱ्या आणि ढोल वाजू लागले की ती बिचारी ऐकूच येत नसे. या अडचणीवर लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बोशँ या वादकाने १९३१ मध्ये उपाय काढला. लोखंडी तार लोहचुंबकाजवळ थरथरली की शेजारच्या तांब्याच्या वेटोळ्यात सूक्ष्म वीजप्रवाह उत्पन्न होतो. तो प्रवाह रेडिओतल्यासारख्या व्हॉल्व्हमधून वाढवून कर्ण्यात सोडला की झाले. या चुंबक-वेटोळ्याला पिकअप म्हणतात. अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांच्या मदतीने अॅल्युमिनियमची हवाईयन गिटार तयार झाली आणि १९३२ पासून विकली जाऊ लागली. तिचे रूप असे की लोकांनी तिचे नाव ‘तळणीचा तवा’ ठेवले.

पुढे १९३६ मध्ये गिब्सन कंपनीने विजेची गिटार बाजारात आणली, आणि चार्ली ख्रिश्चन या काळ्या तरुणाने १९३९ पासून बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात ती वाजवून दाखवली. गिटार आता साथीला मागे बसणारी राहिली नाही, पुढे येऊन गाऊ लागली. हा गुणी वादक १९४२ मध्ये, अवघ्या पंचविशीत, क्षयाने वारला.

कारखान्याच्या दृष्टीने खरी क्रांती केली ती लिओ फेंडर यांनी. हे गृहस्थ फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवीत, आणि गिटार वाजवायला ते आयुष्यात कधी शिकले नाहीत! पोकळ तुंबा, वाफेवर वाकवलेल्या फळ्या, सरसाने चिकटवलेली दांडी, हे सारे त्यांनी बाजूला सारले. सबंध लाकडाची फळी कापावी, तिला पिकअप बसवावा आणि दांडी चार स्क्रूंनी घट्ट आवळावी. दांडी बिघडली तर नवी बसवता यावी, हा त्यातला हिशेब. १९५० साली ही गिटार बाजारात आली, आणि टेलिकास्टर हे तिचे नाव १९५१ मध्ये पक्के झाले. १९५४ मध्ये आली स्ट्रॅटोकास्टर; थरथर देणाऱ्या दांड्यासह तिची किंमत २४९ डॉलर ५० सेंट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाने सुटे भाग बदलता येतील असे यंत्र म्हणून जे वाद्य रचले, तेच पुढे देव्हाऱ्यात जाऊन बसले.

वेटोळी कोणी गुंडाळली?

पिकअप म्हणजे केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार जरा जोराने ओढली की तुटते, सैल सोडली की पसरते. यंत्र चक्र फिरवी, परंतु तार हाताच्या चिमटीतून सोडावी लागे, आणि हे काम फेंडरच्या कारखान्यात प्रामुख्याने बायका करीत. त्यांतल्या अबिगेल यबारा १९५६ मध्ये कामाला लागल्या त्या २०१३ पर्यंत काम करीत राहिल्या. साठ सालच्या सुमारास त्यांनी गुंडाळलेली वेटोळी कोणकोणत्या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकांत वाजली, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. त्या काळी त्या पट्ट्यावरच्या कामगारांपैकी एक होत्या. पुढे जुन्या सुराची मागणी वाढली तेव्हा कंपनीला उमगले की, ज्या हातांनी तो सूर गुंडाळला ते हात अजून आपल्याच कारखान्यात आहेत! मग त्यांच्या सहीचे पिकअप वेगळ्या किमतीला विकले जाऊ लागले. त्यांच्या तालमीत तयार झालेल्या होसेफिना कांपोस यांनी ते काम पुढे चालवले.

तसेच एक टाडेओ गोमेझ. पन्नासच्या दशकात फेंडरच्या दांड्या घासून आकाराला आणणारा हा कामगार. दांडीच्या टोकाला, जो भाग खोबणीत बसला की दिसत नाही तेथे, तो शिसपेन्सिलीने आपली आद्याक्षरे आणि तारीख लिही. आज एखाद्या जुन्या गिटारीचे चार स्क्रू काढून ती दोन अक्षरे दिसली की तिचा भाव चढतो. मजुरी देताना मात्र त्या अक्षरांना कोणी जादा पैसे दिल्याचे आमच्या वाचनात नाही.

गिब्सन कंपनीचा कारखाना मिशिगन राज्यात कॅलमॅझू गावी होता. दुसऱ्या महायुद्धात तेथील पुरुष लढाईवर गेले. या काळात आपण युद्धसामग्रीच बनवीत होतो असे कंपनी पुढे सांगत राहिली. परंतु १९४४ चे एक छायाचित्र उपलब्ध आहे. त्यात कारखान्यासमोर बायकांचा मोठा ताफा उभा आहे. जॉन थॉमस या कायद्याच्या प्राध्यापकांनी तो धागा पकडला, हयात असलेल्या काही जणींना शोधून काढले, आणि २०१२ मध्ये पुस्तक लिहून दाखवून दिले की युद्धकाळातही गिटारी बनतच होत्या, हजारोंनी बनत होत्या, आणि त्या या बायका बनवीत होत्या. त्या साध्या, बिनविजेच्या गिटारी आज वादकांना अतिशय प्रिय आहेत. थॉमस यांनी क्ष-किरणांनी त्यांची अंतर्रचना तपासली, तेव्हा आतल्या पट्ट्या अधिक नाजूक घासलेल्या आढळल्या. बायकांनी गिटारी घडवल्या हे सांगण्यात कंपनीला त्या वेळी कमीपणा वाटला असावा. आम्ही एवढेच म्हणू की, कामाची नोंद न ठेवणे हा काम नाकारण्याचाच एक प्रकार आहे.

याच गिब्सनमध्ये सेथ लव्हर या तंत्रज्ञाने १९५५ मध्ये दोन वेटोळ्यांचा पिकअप तयार केला. दोन्ही वेटोळी उलटसुलट जोडल्यामुळे विजेच्या तारांतून येणारी घूंऽ अशी कुरकुर आपसांत कटून जाते आणि तारेचा सूर तेवढा राहतो. प्रत्येक वेटोळ्यात सुमारे पाच हजार वेढे. पण ते मोजून आपोआप थांबणारे यंत्र सुरुवातीला नव्हते. रीळ भरले असे दिसले की कामकरीण यंत्र थांबवी. एकात वेढे कमी, एकात जास्त; चुंबकही हाती येईल त्या प्रतीचा. म्हणून दोन पिकअप कधी एकसारखे वाजत नसत. आज त्याच विषमतेला ‘जुनी जादू’ म्हणतात आणि ती विषमता यंत्राने मुद्दाम आणण्यासाठी अभियंते डोके खाजवतात!

फाटलेला सूर

आता रॉकचा सूर म्हणजे नेमके काय ते पाहू. आपल्याकडे ‘आवाज फाटला’ हा दोष समजला जातो, आणि ध्वनिवर्धक बनवणाऱ्यांनाही तो दोषच वाटे. व्हॉल्व्हला झेपेल त्याहून अधिक जोराने गिटार त्यात सोडली, तर लहरीची शेंडी सपाट होते. ही सपाटी एकदम येत नाही, हळूहळू, गोलाईने येते. त्यामुळे मूळ स्वराबरोबर त्याचे अनेक उपस्वर जागे होतात, आणि स्वर जाड, लांब, भरलेला वाटू लागतो. तंबोऱ्याची जवारी ज्याने ऐकली आहे त्याला हे समजायला अडचण पडू नये. घोडीच्या किंचित उतरत्या पाठीवर तार घासते, आणि त्या घासण्यातूनच उपस्वरांचा झरा फुटतो. तेथे हाडाची घोडी जे करते ते येथे तापलेला व्हॉल्व्ह करतो. साधन निराळे, परंतु कानाची भूक तीच.

हा दोष गुणात कसा बदलला याची कथा गरिबीची आहे. मार्च १९५१ मध्ये मेंफिस शहरी आयक टर्नरचा ताफा ध्वनिमुद्रणाला आला तेव्हा विली किझार्ट या वादकाच्या ध्वनिवर्धकाचा कर्णा फाटलेला होता. दुसरा आणायला ना वेळ ना पैसा. सॅम फिलिप्स यांनी त्यात कागदाचे बोळे कोंबले आणि तसेच मुद्रण केले. १९६४ मध्ये लंडनच्या डेव्ह डेव्हिस या पोराने तर आपल्या लहानशा ध्वनिवर्धकाचा कर्णा दाढीच्या पात्याने स्वतःच चिरला! पुढे हाच परिणाम देणाऱ्या लहान डब्या निघाल्या आणि पायाने दाबून वाजू लागल्या.

जिम मार्शल हे पश्चिम लंडनमध्ये ढोल शिकवीत आणि वाद्यांचे दुकान चालवीत. गिऱ्हाइकांना फेंडरचा अमेरिकी ध्वनिवर्धक हवा असे, पण तो महाग. तेव्हा १९६२ मध्ये केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन या दोघा तरुण कारागिरांना हाताशी धरून त्यांनी त्याची नक्कल केली. मांडणी अमेरिकन, पण व्हॉल्व्ह, रोहित्र आणि कर्णे इंग्लंडमध्ये मिळतील ते. त्यात चार कर्णे एका बंद पेटीत बसवले. नक्कल म्हणून केलेली वस्तू मुळाहून भिन्न वाजली, अधिक खरबरीत, अधिक लवकर फाटणारी. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टन या एकवीस वर्षांच्या वादकाने जॉन मेयॉल यांच्या ध्वनिमुद्रिकेसाठी गिब्सनची लेस पॉल गिटार मार्शलच्या ध्वनिवर्धकाला जोडली, आणि मैफलीत वाजवतो तेवढ्याच मोठ्या आवाजात स्टुडिओत वाजवणार असा हट्ट धरला. तो हट्ट पुरा झाला, आणि पुढच्या पिढ्यांना एक मापदंड मिळाला.

यातला विनोद असा की, ज्या लेस पॉल गिटारीने हा सूर निघाला, ती त्या रंगरूपात १९५८ ते १९६० एवढीच बनली. खप नाही म्हणून कंपनीने तो नमुना बंद केला होता. तिच्या लाल रोगणातला रंग उन्हाने उडून जाई. आज त्या उडालेल्या रंगाच्या छटांवर लाखो डॉलर ओतले जातात. आणि क्लॅप्टनची ती गिटार? ती त्याच वर्षी चोरीला गेली. ज्या सुराची नक्कल करण्यात तीन पिढ्या खपल्या, त्याचे मूळ वाद्य तपासायला कोणाच्या हाती नाही. राहिली आहे ती केवळ ध्वनिमुद्रिका, आणि ऐकणाऱ्यांचे कान.

प्रेसवर गेलेली बोटे

आता एक सूर असा, की जो थेट कारखान्याच्या अपघातातून जन्मला. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम हे लोखंडाच्या कामाचे शहर. तेथे टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ साल, नोकरीचा अखेरचा दिवस, कारण दुसऱ्या दिवसापासून तो वादक म्हणून बाहेर पडणार होता. प्रेसवरचा कामगार आला नव्हता म्हणून या मुलाला प्रेसवर उभे केले. ते काम त्याचे नव्हते. प्रेस खाली आला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात तोच.

प्रेसवर बोटे गेलेले कामगार आम्ही आमच्या कामात पुष्कळ पाहिले आहेत. त्यांतल्या बहुतेकांच्या बाबतीत चौकशीअंती ‘बदली माणूस, सवय नव्हती’ हेच चार शब्द कागदावर येतात. म्हणून ही गोष्ट आम्ही ‘थोरांची जिद्द’ या सदरात टाकायला तयार नाही. त्या मुलाला जिद्द होती हे खरे, पण मुळात त्याला तेथे उभे करायला नको होते, हे आधी म्हटले पाहिजे.

पुढे काय झाले? कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्ट या वादकाची तबकडी ऐकवली. आगीत दोन बोटे निकामी होऊनही हा जिप्सी वादक युरोपभर गाजला होता. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटवले. जाड तारा दाबवत ना; बारीक तारा बाजारात नव्हत्या, म्हणून बँजोच्या तारा लावल्या. पुढे ताण आणखी कमी व्हावा म्हणून १९७१ च्या सुमारास गिटार तीन अर्धस्वरांनी खाली उतरवून लावली. सैल तारांचा तो खर्जातला, जड सूर म्हणजेच ब्लॅक सबाथ या वाद्यवृंदाचा सूर. आणि त्यातूनच ‘हेवी मेटल’ नावाचा सबंध प्रकार निघाला. आज त्या सुराची नक्कल करणारे तरुण गिटार खाली लावतात. ती खाली का आली, हे मात्र त्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक असते.

कारखाने विकले जातात

जानेवारी १९६५ मध्ये लिओ फेंडर यांनी, प्रकृती ढासळली म्हणून, आपला कारखाना सीबीएस या नभोवाणी कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकला. जुन्या वाद्यांच्या बाजारात हे वर्ष म्हणजे शककर्त्याचे वर्ष समजतात. त्याआधीची गिटार सोने, नंतरची पितळ! यात तथ्य नाही असे नाही. उत्पादन वाढवले, खर्च कापला. १९७१ मध्ये स्ट्रॅटोकास्टरच्या दांडीचे चार स्क्रूंचे तीन झाले आणि दांड्या हलू लागल्या. हिशेबनीस गिटार बनवू लागला की असे होते.

परंतु या समजुतीत एक खोटही आहे. जिमी हेंड्रिक्स यांनी ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉक येथे जी गिटार वाजवली ती १९६८ ची, आणि प्रारंभी सांगितलेली गिलमोर यांची काळी गिटार १९६९ ची. दोन्ही सीबीएसच्याच काळातल्या. मालक बदलला, परंतु वेटोळी गुंडाळणाऱ्या बायका दुसऱ्या दिवशी त्याच बाकांवर येऊन बसल्या होत्या. मालकाच्या नावावरून मालाची परीक्षा करणारे लोक कामगाराला हिशेबात धरायला विसरतात.

गिब्सनची गत निराळी झाली. नव्या मालकांनी सत्तरच्या दशकात दक्षिणेकडे नॅशव्हिल येथे नवा कारखाना काढला, आणि १९८४ मध्ये कॅलमॅझूचा जुना कारखाना बंद केला. आमच्या श्रोत्यांना येथे १९८२ च्या संपानंतरची गिरणगावची वर्षे आठवतील. गिरण्यांच्या जागी बाजारमहाल उभे राहिले, आणि साचे चालवणारे हात विखुरले. कॅलमॅझूत मात्र गाव सोडून जायला तयार नसलेल्या काही जुन्या कामगारांनी १९८५ मध्ये, त्याच १९१७ च्या इमारतीत, जुनी यंत्रे विकत घेऊन, हेरिटेज या नावाने गिटारी बनवायला सुरुवात केली. फेंडरही त्याच वर्षी तिथल्याच अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने १ कोटी २५ लाख डॉलरना परत घेतली गेली. फुलर्टनच्या इमारती त्या व्यवहारात नव्हत्या. नाव मिळाले, ज्ञान मिळाले, छप्पर मिळाले नाही.

नक्कल आणि अस्सल

जुन्या वाद्यांची पहिली नेटकी नक्कल जपानी कारागिरांनी केली. ती इतकी जवळची की १९७७ मध्ये गिब्सनच्या मालकांना कोर्टात जावे लागले. १९८२ मध्ये फेंडरने स्वतःच आपल्या १९५७ आणि १९६२ च्या नमुन्यांच्या नव्या आवृत्त्या काढल्या. १९९५ पासून तर ‘झिजलेल्या’ नव्या गिटारी आल्या. कोऱ्या गिटारीचे रोगण खरवडायचे, धातूला गंज चढवायचा, कोपरे घासायचे. वादकाच्या तीस वर्षांच्या घामाने जे होई ते आता कामगार काही दिवसांत करून देतो, आणि त्या झिजेची किंमत कोऱ्या मालाहून अधिक!

नव्वदच्या दशकापासून गणकयंत्राने जुन्या ध्वनिवर्धकांचे सूर उतरवणे सुरू झाले, आणि आज पुस्तकाएवढ्या पेटीत पन्नास जुने ध्वनिवर्धक मावतात. साहित्याचे मार्गही बदलले. व्हॉल्व्ह एके काळी इंग्लंड-अमेरिकेत बनत, आपल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही बनत. आता ते येतात मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून. पडदे बसवण्याच्या पट्टीला ब्राझीलची शिसवी लागे. ती दुर्मिळ झाल्यावर साठच्या दशकाच्या अखेरीपासून तिची जागा आपल्या पश्चिम घाटात होणाऱ्या शिसवीने घेतली. २०१७ मध्ये शिसवीच्या सर्व जाती जागतिक करारान्वये नियंत्रणाखाली आल्या. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. ‘अमेरिकन सूर’ म्हणून जे ऐकू येते त्यात सह्याद्रीचेही थोडे लाकूड आहे, ते असे.

नक्कल साधते का? २०१० मध्ये इंडियानापोलिस येथे एकवीस व्हायोलिनवादकांना डोळ्यांवर झाकणे घालून जुनी इटालियन व नवी व्हायोलिने वाजवायला दिली. स्ट्रॅडिव्हरियसपेक्षा नवी व्हायोलिने त्यांना अधिक आवडली. गिटारीची गोष्ट फार निराळी असेल असे आम्हांला वाटत नाही. सूर पुन्हा काढता येतो. तार, चुंबक, व्हॉल्व्ह यांत गूढ काही नाही. काम करणाऱ्या माणसांनी ते एकदा केले आणि ती पुन्हा करू शकतात. ज्याची नक्कल होत नाही ती परिस्थिती. फाटका कर्णा, परवडत नसलेला ध्वनिवर्धक, कापलेली बोटे आणि रीळ भरले की यंत्र थांबवणारी नजर. त्या अडचणींतून वाट काढताना जे निघाले त्याला आपण आज ‘अभिजात’ म्हणतो.

आपल्या मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून सतार-तंबोरे घडत आले. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक निर्देशांकही मिळाला. शिक्का मिळाला ही चांगली गोष्ट. पण भोपळा कोरणारा कोण, जवारी लावणारा कोण, रोगण देणारी घरातली बाई कोण, त्यांचा रोज किती, याची वही कोणी ठेवली आहे काय? कॅलमॅझूच्या बायकांची नावे शोधायला एका प्राध्यापकाला सत्तर वर्षांनंतर घरोघर फिरावे लागले. आपल्याकडे ही माणसे आज समोर बसलेली आहेत. या सभागृहातल्या प्रत्येकाने आपल्या गावच्या एका कारागिराचे नाव, गाव आणि काम कागदावर लिहून वाचनालयात जमा केले, तर या व्याख्यानाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.